देणगी एक, कामं तीन, आणि सगळ्यांची दुसरी पसंती

मालवाकन्या

नमस्कार मंडळी. इंदूरच्या पश्चिम भागात आमचं एक जुनं मराठी मंडळ आहे. नाव लिहीत नाही, कारण विषय नाजूक आहे आणि सगळी आपलीच माणसं आहेत. गणेशोत्सव, कोजागरी, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि एक वाचनालय एवढा आमचा पसारा. सभासद घरं ७१. दोन वर्षांपासून मी चिटणीस आहे.

मध्यंतरी एका दिवंगत सभासदांच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिली. अट एकच, की पैसे एकाच कामाला लागावेत, तुकडे होऊ नयेत. कार्यकारिणीनं तीन कामं पुढे ठेवली. पहिलं वाचनालय. भिंतींना ओल आहे, दोन कपाटांना वाळवी लागली आहे आणि जुने दिवाळी अंक हातात घेतले तर पान तुटतं. दुसरं, गच्चीवर सोलर, कारण उन्हाळ्यात विजेचं बिल बघवत नाही. तिसरं लिफ्ट. आमचं सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याला २६ पायऱ्या आहेत.

एका रविवारी पोह्यांनंतर मतदान घेतलं. घरटी एक चिठ्ठी, तिच्यावर एकाच कामापुढे खूण. ५५ घरं आली. वाचनालय २२, सोलर १९, लिफ्ट १४. अध्यक्षांनी वाचनालय जाहीर केलं, टाळ्या झाल्या, सभा संपली.

मग चहाच्या वेळी एक गोष्ट कानावर पडत राहिली. सोलरवाले म्हणत होते, "निदान लिफ्ट तरी व्हायला हवी होती." वाचनालयवाल्या दोघी-तिघी म्हणाल्या, "सोलर आलं असतं तर वाईट वाटलं असतं, लिफ्ट आली असती तर काही म्हणणं नव्हतं." रात्री मला झोप लागली नाही. पुढचे पंधरा दिवस मी त्या ५५ घरांत जाऊन एकच विनंती केली, की तिन्ही कामं तुमच्या पसंतीच्या क्रमानं लिहून द्या. सगळ्यांनी दिली. पहिली पसंती कुणी बदलली नाही, तेही ताडून पाहिलं. क्रम असे निघाले:

२२ घरं: वाचनालय, लिफ्ट, सोलर
१९ घरं: सोलर, लिफ्ट, वाचनालय
८ घरं: लिफ्ट, वाचनालय, सोलर
६ घरं: लिफ्ट, सोलर, वाचनालय

लिफ्ट एकाही घरानं शेवटी लिहिलेली नाही, आणि मतदानात ती शेवटी आली. वाचनालय पहिलं आलं, पण २५ घरांनी ते तिसऱ्या जागी लिहिलंय. मतं खरी, मोजणी चोख, चिठ्ठ्या मी स्वतः दोनदा उलगडून पाहिल्या होत्या. तरीही मंडळाला काय हवंय ते त्या निकालात उतरलेलं नाही असं मला मनापासून वाटतं. माझं काही चुकतंय का? आणि आता काय करावं?

पोहे_जिलबी

ताई, सोपं आहे. दोन फेऱ्या घ्यायच्या. पहिल्या फेरीत सर्वांत मागे असलेला पर्याय काढायचा आणि उरलेल्या दोघांत पुन्हा मत. विजेत्याला निम्म्याहून जास्त मतं मिळतात, मग कुणाला बोलायला जागा राहत नाही.

आकडेमोड

@पोहे_जिलबी, तुमच्या पद्धतीनं पहिल्याच फेरीत लिफ्ट बाद होते, कारण तिची मतं १४. मग ती ८ घरं वाचनालयाकडे जातात आणि ६ सोलरकडे. वाचनालय ३०, सोलर २५. निकाल तोच, फक्त अंगावर बहुमताची शाल.

आता जोड्या लावून बघा. लिफ्ट की वाचनालय एवढंच विचारलं तर सोलरची १९ घरं लिफ्टकडे येतात: ३३ विरुद्ध २२. लिफ्ट की सोलर? वाचनालयाची २२ घरं लिफ्टकडे येतात: ३६ विरुद्ध १९. समोरासमोर लिफ्ट दोघांनाही हरवते. निकाल असा लावावा हे फ्रान्सच्या कोंदोर्से यांनी १७८५ साली मांडलं. जो पर्याय प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एकास एक लढतीत हरवतो त्याला आजही कोंदोर्से विजेता म्हणतात.

त्यांच्याच काळातले बोर्दा हे आरमारातले अधिकारी आणि गणिती. त्यांनी १७७० साली फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे गुणांची पद्धत ठेवली. पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १, तिसरीला शून्य. तुमच्या चिठ्ठ्यांवर लावतो: लिफ्ट ६९, वाचनालय ५२, सोलर ४४. बेरीज १६५, म्हणजे ५५ घरांचे प्रत्येकी ३ गुण, हिशोब जुळला.

कागद तेच आहेत. एक खूण मोजली तर वाचनालय, दोन फेऱ्या घेतल्या तर वाचनालय, जोड्या लावल्या तर लिफ्ट, गुण दिले तर लिफ्ट. तुमचं काही चुकलेलं नाही ताई. मतपत्रिकेनं लोकांना एकच शब्द बोलायची परवानगी दिली होती आणि त्यांचं म्हणणं तीन शब्दांचं होतं.

रामबागकर

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

निकाल लागला, अध्यक्षांनी जाहीर केला, सभेनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर चिटणीस घरोघर जाऊन नवे कागद गोळा करतात आणि वेगळं गणित लावतात. तुमचा हेतू स्वच्छ आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण उद्या दुसरा चिटणीस येईल, त्याला नको असलेला निकाल लागला की तोही अशीच फेरी मारेल. मी स्वतः अकरा वर्षं एका गृहनिर्माण संस्थेचं काम पाहिलंय. निकाल लागल्यावर पद्धतीची चर्चा सुरू झाली की लोक मत द्यायलाच येईनासे होतात.

दुसरं. "सगळ्यांची दुसरी पसंती" म्हणजे पहिली पसंती फक्त १४ घरांची. ज्या २२ घरांनी वाचनालय मागितलं त्यांना ते मनापासून हवंय. तिथली पुस्तकं त्यांच्या आजोबांनी दिलेली असतील. मनापासून हव्या असलेल्या गोष्टीपेक्षा "चालेल" म्हटलेली गोष्ट वर का यावी?

मालवाकन्या

@रामबागकर, राग अजिबात नाही. पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी हे कागद अजून कार्यकारिणीपुढे ठेवलेले नाहीत. आमच्या घटनेत एक तृतीयांश सभासदांच्या सहीनं विशेष सभा बोलावता येते. जे होईल ते सभेतच होईल.

दुसऱ्या मुद्द्यावर विचार करतेय. "चालेल" आणि "हवंच" यातला फरक माझ्या चार ओळींत खरंच दिसत नाही.

महूकर

दुसरी पसंती मोजणं आपल्याला नवं नाही. राष्ट्रपतींची निवड याच तत्त्वावर होते. आमदार-खासदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम लिहितात. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतमूल्यं होती, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती, तेवढी कुणाकडेच नव्हती. मागचे उमेदवार बाद करत त्यांच्या चिठ्ठ्यांवरची पुढची पसंती वाटली गेली तेव्हा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा शेवट झाला. सुरुवातीचं अंतर सुमारे ८८ हजारांचं, शेवटचं १५ हजारांच्या आत. मागे पडलेल्यांना मत देणाऱ्यांनाही काही म्हणायचं होतं, आणि ते ऐकलं गेलं.

रामबागकरांच्या "मनापासून" या शब्दावर एक. आमच्या महूत जन्मलेल्या बाबासाहेबांनी यावर विचार केलेला आहे. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी सुचवलं की एका मतदारसंघातून एकाऐवजी दोन-तीन प्रतिनिधी निवडावेत आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा असावी. समाज लहान असला, पण त्याला एखादी गोष्ट अगदी निकडीची असली, तर त्यानं आपलं सगळं वजन तिथे लावावं. बहुसंख्यांच्या "चालेल"खाली अल्पसंख्यांचं "हवंच" दबू नये यासाठीचा तो विचार आहे.

पोहे_जिलबी

इंदूरचाच धागा आहे तर २०२४ची लोकसभा आठवा. इथे 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली, देशात कुठल्याही मतदारसंघात तोवर इतकी पडली नव्हती. प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला होता. विजेत्याला १२,२६,७५१ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५१,६५९. म्हणजे 'यातलं कुणी नको' हे दुसऱ्या उमेदवाराच्या चौपटीहून जास्त लोक म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर ते बटण आलं, पण लोकसभेच्या निकालावर त्याचा परिणाम होत नाही. नोटा पहिलं आलं तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. मी कुठल्याच पक्षाचा नाही. एवढंच म्हणतो की पर्यायांची यादी कोण ठरवतं यावर निम्मा निकाल ठरतो. ताई, तुमच्या यादीत "यातलं काहीच नको, पैसे ठेव म्हणून ठेवा" असा चौथा पर्याय होता का?

मालवाकन्या

नव्हता. कुणाच्या डोक्यातही आला नाही. तीन कामं कार्यकारिणीच्या पाच जणांनी एका संध्याकाळी ठरवली.

जुना_राजवाडा

वाचनखूण साठवली. आमच्या मंडळात दर वर्षी गणपतीच्या कार्यक्रमांवरून हाच गोंधळ.

आकडेमोड

@जुना_राजवाडा, गणपतीचा विषय काढलात तर एक धोक्याची जागा दाखवतो, म्हणजे जोड्या लावणं हा रामबाण आहे असं कुणाला वाटायला नको.

समजा कार्यक्रम समितीत तिघं आहेत.
पहिला: कीर्तन, नाटक, गाणं.
दुसरी: नाटक, गाणं, कीर्तन.
तिसरा: गाणं, कीर्तन, नाटक.

नाटक गाण्याला हरवतं, दोन विरुद्ध एक. गाणं कीर्तनाला हरवतं, दोन विरुद्ध एक. मग नाटकानं कीर्तनाला हरवायला हवं ना? पण कीर्तनच नाटकाला हरवतं, दोन विरुद्ध एक. एकेका माणसाच्या डोक्यात क्रम सरळ आहे आणि तिघांचा मिळून क्रम गोल फिरतो. हेही कोंदोर्से यांनीच दाखवलं.

आता समजा तिसऱ्याच्या हातात सभेचं सूत्र आहे आणि त्याला गाणं हवंय. तो म्हणतो, आधी कीर्तन की नाटक ते ठरवू. कीर्तन जिंकतं. मग म्हणतो, आता कीर्तन की गाणं? गाणं जिंकतं. दोन्ही वेळा बहुमत, कुठे जबरदस्ती नाही, आणि त्याला हवं तेच झालं. त्यानं फक्त प्रश्नांचा क्रम निवडला. तुमच्यापैकी कुणी अशा सभांना बसला असाल तर आठवून पाहा, विषयपत्रिका कोण लिहितं.

ब्रिटनच्या संसदेतही २०१९च्या मार्चमध्ये ब्रेक्झिटचं पुढे काय करायचं यावर आठ पर्याय मताला टाकले होते. प्रत्येक खासदाराला हव्या तितक्या पर्यायांना हो म्हणायची मुभा होती. एकाही पर्यायाला बहुमत मिळालं नाही. पाचच दिवसांनी, एक एप्रिलला, चार पर्याय ठेवले. पुन्हा एकालाही नाही.

पोहे_जिलबी

मग बोर्दांचे गुण? त्यात फेरा पडत नाही.

आकडेमोड

फेरा पडत नाही, पण तिथे चलाखी शिरते. ताईंच्याच आकड्यांवर दाखवतो.

समजा गुणपद्धत आधी जाहीर केली. वाचनालयाची २२ घरं विचार करतील, लिफ्ट आपल्याला भारी पडतेय, तिला दुसऱ्याऐवजी तिसरी लिहू. म्हणजे वाचनालय, सोलर, लिफ्ट. नवे गुण: लिफ्ट ६९ वरून ४७, वाचनालय ५२ जागच्या जागी, सोलर ४४ वरून ६६. जिंकलं कोण? सोलर, जे या २२ घरांना सर्वांत नको होतं.

सोलरवाल्यांनीच चलाखी केली आणि बाकीच्यांनी खरं लिहिलं तर? लिफ्ट ५०, सोलर ४४, वाचनालय ७१. त्यांच्याही पदरात त्यांना सर्वांत नको असलेलं काम. मला हे गणित पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ कागदाकडे बघत बसलो होतो.

पद्धत कितीही हुशारीनं रचली तरी यातून सुटका नाही. तीन किंवा अधिक निकाल शक्य असतील आणि सगळा निर्णय एकाच माणसाच्या हातात नसेल, तर कधी ना कधी कुणाला तरी खरा क्रम लपवून फायदा होतोच. हे ॲलन गिबर्ड यांनी १९७३ साली आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी १९७५ साली स्वतंत्रपणे सिद्ध केलं. त्याच्याही आधी, १९५१ साली, अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी मुळावरच बोट ठेवलं होतं. त्यांच्या अटी घरगुती शब्दांत अशा: कुणीही कसाही क्रम लिहो, पद्धत अडू नये आणि तिनं सरळ क्रम लावून द्यावा. सगळ्यांना एकमतानं 'अ' हे 'ब'पेक्षा बरं वाटत असेल तर निकालातही तसंच यावं. 'अ' आणि 'ब' यातलं वर कोण हे ठरवताना 'क'ला कुणी कुठे लिहिलंय याचा संबंध येऊ नये. आणि एकट्याची मर्जी सगळ्यांवर चालू नये. ऐकताना वाटतं, यात मागण्यासारखं जास्त काय आहे? ॲरो यांनी दाखवलं की पर्याय तीन किंवा जास्त असले तर या सगळ्या अटी एकत्र पाळणारी पद्धत असूच शकत नाही. १९७२ साली त्यांना नोबेल मिळालं.

पर्याय दोनच असतील तर हे काही होत नाही. तिथे साधं बहुमत निर्दोष चालतं.

जुना_राजवाडा

'क'चा संबंध येऊ नये, हे जरा उलगडून सांगाल का?

आकडेमोड

१९९५च्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेत महिलांच्या गटात निकी बोबेक दुसऱ्या आणि सूर्या बोनाली तिसऱ्या क्रमांकावर होत्या. दोघींचं स्केटिंग संपलेलं होतं. मग मिशेल क्वान उतरली आणि चौथी आली. तिच्या गुणांमुळे परीक्षकांच्या क्रमांची बेरीज बदलली आणि बोनाली दुसरी, बोबेक तिसरी झाली. दोघींपैकी कुणी बर्फावर पुन्हा पाऊलही ठेवलं नव्हतं आणि क्रम उलटला. तुमच्याकडच्या आरती स्पर्धेत परीक्षकांचे क्रम एकत्र करत असाल तर हे कधीही होऊ शकतं.

रामबागकर

आकडेमोड, तुम्ही इतकं सांगितलंत त्यावरून माझं मत पक्कंच झालं. कुठलीच पद्धत निर्दोष नाही, म्हणजे जी आधी ठरली ती पाळायची. पैशांच्या बाबतीत मी एक करत आलो, तेही सांगतो. वर्गणी किती असावी यावर भांडण व्हायचं. मी प्रत्येकाला आकडा लिहायला सांगायचो आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावून बरोबर मधली चिठ्ठी उचलायचो. सरासरी कधीच काढली नाही, कारण एकजण मुद्दाम एकवीस हजार लिहितो आणि सगळ्यांची वर्गणी चढते. मधल्या चिठ्ठीला तो धक्का लावू शकत नाही.

आकडेमोड

हे फार सुंदर आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १९०७ साली 'नेचर'मध्ये अगदी हेच सुचवलं होतं, की पंचांना किंवा समितीला पैशांचा आकडा ठरवायचा असेल तर मधला आकडा घ्यावा. आणि जिथे पर्याय आकड्यांसारखे एका रांगेत लागतात, प्रत्येकाला आपल्या आवडीच्या आकड्यापासून जितकं लांब जावं तितकं नकोसं वाटतं, तिथे फेरा पडत नाही. डंकन ब्लॅक यांनी १९४८ साली ते मांडलं. वाचनालय, सोलर आणि लिफ्ट मात्र अशा रांगेत आपोआप लागत नाहीत.

कान्हकाठ

दोन दिवस नुसती वाचतेय. एक साधा प्रश्न विचारते.

मतदान कुठे झालं?

मालवाकन्या

सभागृहात.

म्हणजे वर.

कान्हकाठ

म्हणजे २६ पायऱ्या चढून.

ताई, मी एका रुग्णालयात फिजिओथेरपी करते. गुडघे गेलेली माणसं काय काय सोडून देतात ते रोज बघते. पहिल्यांदा देऊळ सुटतं, मग नातेवाइकांकडचं जेवण, मग मंडळ. ती तक्रार करत नाहीत, यायचं बंद करतात. ५५ घरं आली, ७१ पैकी. उरलेल्या १६ घरांत कोण राहतं?

महूकर

इतके प्रतिसाद झाले, आपण सगळे आलेल्या चिठ्ठ्याच मोजत बसलो होतो.

मालवाकन्या

कान्हकाठ, तुमचा प्रश्न वाचला आणि फोन खाली ठेवून सभासदांची वही काढली. १६ पैकी १० घरांत सत्तरीच्या पुढची माणसं एकेकटी किंवा दोघंच राहतात, मुलं पुण्याला नाही तर बाहेरदेशी. त्यातल्या सात घरांची हजेरी दोन वर्षांत एकाही कार्यक्रमाला नाही. मी चिटणीस आहे, हजेरी मीच लिहिते आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही. वर्गणी मात्र सगळ्यांची वेळेवर आलेली आहे.

तीन संध्याकाळी त्या १६ घरांत गेले. नुसतं एवढंच विचारलं, की तुम्ही आला असता तर कशापुढे खूण केली असती? ११ लिफ्ट, ३ वाचनालय, २ सोलर. पहिल्या मोजणीत मिळवलं तर वाचनालय २५, लिफ्ट २५, सोलर २१. तुमच्या कोंदोर्से-बोर्दांना हातही न लावता, नुसती एकेक खूण मोजून, बरोबरी.

एका काकूंनी वाचनालय सांगितलं. मी म्हटलं, काकू, लिफ्ट झाली तर तुम्हालाच वर येता येईल. त्या म्हणाल्या, "मी आता काय वर येते बाई. पुस्तकं मात्र घरी पाठवत जा." मी त्यांचं मत वाचनालय असंच लिहिलं.

बडोदेकर

या काकूंच्या वाक्यावर थांबलो.

मूळचा बडोद्याचा, अर्थशास्त्र शिकवायचो. ॲरो यांच्या कोंडीतून वाट शोधताना अमर्त्य सेन यांनी जे दाखवलं ते इथे लागू पडतं. त्यांचं या विषयावरचं मुख्य लेखन १९७० सालचं, नोबेल १९९८चं. ॲरो यांच्या चौकटीत माणसाकडून फक्त क्रम घेतला जातो. कुणाची अडचण किती मोठी, कुणाच्या वाट्याला आधीच किती कमी आलंय, याची एकमेकांशी तुलना करायची मुभाच नसते. सेन यांचं म्हणणं असं की इतकी थोडी माहिती घेऊन न्याय्य निर्णय मागितला की हात रिकामे राहणारच. माणसांच्या स्थितीची थोडीफार तुलना करू द्या, मग वाटा उघडतात. शिवाय ज्याच्या नशिबात वर्षानुवर्षं काही आलं नाही तो आपल्या इच्छाच लहान करून घेतो, हेही त्यांनी वारंवार लिहिलंय. काकूंच्या चिठ्ठीवर वाचनालय लिहिलंय. ती त्यांची पसंती आहे की त्यांनी २६ पायऱ्यांशी केलेली तडजोड, हे चिठ्ठी सांगू शकत नाही.

म्हणून मी तर म्हणेन, लिफ्ट मताला टाकायचीच नव्हती. सोलर आणि वाचनालय या आवडीच्या गोष्टी आहेत, त्यावर मत घ्या. सभासदाला सभागृहात येता यावं हा आवडीचा प्रश्न नाही. दार उघडं ठेवायचं की नाही यावर आत बसलेल्यांनी मत द्यायचं नसतं.

रामबागकर

बडोदेकर, आदर ठेवून असहमत. "हे मताला टाकायचंच नाही" असं कोण ठरवणार? तुम्ही, मी, की कार्यकारिणीतले पाच जण? प्रत्येकाला आपलं काम आवडीपलीकडचं वाटतं. वाळवी लागलेल्या पुस्तकांबद्दलही कुणी म्हणेल की ती गेली की परत येणार नाहीत, लिफ्ट पाच वर्षांनीही बसवता येईल. आणि ते खोटं नाही.

पण १६ घरांचा मुद्दा वेगळा आहे, आणि तिथे मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. मी म्हणालो होतो की आधी ठरलेली पद्धत पाळा. घरटी एक मत ही तुमची पद्धत. ज्या घराला मतपेटीपर्यंत पोहोचताच येत नव्हतं त्याच्या बाबतीत ती पाळली गेली नाही. म्हणजे तो निकाल पद्धतशीर नव्हताच. विशेष सभा जरूर बोलवा. अंगणात बोलवा.

बडोदेकर

कोण ठरवणार, हा प्रश्न योग्य आहे. माझ्याकडे त्याचं पुरेसं उत्तर नाही. तरी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

मालवाकन्या

काल विशेष सभा झाली, खाली अंगणात, कडुनिंबाखाली. ६४ घरं आली. दोघांना त्यांच्या नातवंडांनी चाकाच्या खुर्चीतून आणलं. बडोदेकरांचा मुद्दा मी जसाच्या तसा मांडला. बराच वेळ चर्चा झाली, आवाजही चढले. लिफ्ट मताबाहेर काढायचा ठराव मताला टाकला, तो २९ विरुद्ध ३५ असा पडला. वाचनालयवाल्या एका काकांनी उठून सांगितलं की आम्ही लिफ्टच्या विरोधात नाही, पण आमचं म्हणणं मोजलंच जाणार नाही हे आम्हाला नको. मला ते पटलं नाही, पण त्यांचा गळा दाटला होता आणि मी काही बोलले नाही.

मग हे मंजूर झालं:

यापुढची प्रत्येक सर्वसाधारण सभा आणि मतदान तळमजल्यावर किंवा अंगणात. येणं शक्य नसेल त्या घरी दोन सभासद मतपेटी घेऊन जातील, आणि ते दोघं वेगवेगळ्या मताचे असतील.

पर्यायांची यादी सभेच्या पंधरा दिवस आधी फलकावर. कोणत्याही पाच सभासदांना तिच्यात भर घालता येईल. "पैसे राखून ठेवावेत" हा पर्याय नेहमी असेल.

तीन किंवा जास्त पर्याय असतील तर क्रम लिहायचा. मोजणी जोडीजोडीनं. फेरा पडला तर गुण. ही पद्धत मतदानाआधी वाचून दाखवायची आणि त्यानंतर तिच्यात बदल नाही.

आधीचा निकाल रद्द. नवं मतदान येत्या रविवारी, सकाळी दहा ते बारा. मतपत्रिका आजच छापून आल्या, चार ओळी आणि प्रत्येकीपुढे एक चौकोन.

जुना_राजवाडा

आमच्या मंडळासाठी हा ठराव उतरवून घेतोय, चालेल ना? एक शंका. गुणांतही बरोबरी झाली तर?

मालवाकन्या

जरूर घ्या.

बरोबरीवर सभेत सर्वांत कमी वेळ लागला. कुणीतरी तमिळनाडूतल्या उत्तिरमेरूरचा शिलालेख सांगितला, दहाव्या शतकातला, चोळांच्या काळातला. गावसभेच्या समित्या निवडताना पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकत आणि लहान मुलाच्या हातानं काढत. आमच्याकडे मडकं आहे, गौरीचं. हात कुणाचा तेही ठरलंय. अध्यक्षांची नात, वय वर्षं चार, तिला अजून वाचता येत नाही.

कान्हकाठ

रविवारी मतपेटी घेऊन घरोघर जाणाऱ्यांत एक माणूस कमी पडत असेल तर सांगा, मला सुट्टी आहे.

मालवाकन्या

तुम्ही सभासद नाही, म्हणून पेटीला हात लावता येणार नाही. पण काकूंना जिना न चढताही खाली अंगणापर्यंत कसं आणायचं ते बघायला या. साडेनऊला या, पोहे आहेत.